पाटी लावली म्हणून गाडी येत नाही

वाचकाचं पत्र:

"माझं वय ३४. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घरच्या ओसरीत डीटीपीचं काम करतो. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. लग्नसराईत महिन्याला वीस-पंचवीस हजार सुटतात, पण आषाढ लागला की तीन-चार हजारांवर येतो. भावासोबत सामाईक शेती आहे, कपाशी आणि तूर. ओळखीतला एक जण म्हणतो, ३०,००० रुपयांत वेबसाइट बनवून देतो, तिच्यावर गूगलच्या जाहिराती लागतील आणि सहा महिन्यांत घरबसल्या पंधरा-वीस हजार गॅरंटीने सुरू होतील. कापूस विकला की पैसे द्यावे असं मनात आहे. बायको नाही म्हणते. वेबसाइट करावी का? मराठीत चालते का, की हिंदीत करावी? टायपिंगचं काम सोडून पूर्ण वेळ तेच करावं का? कामाचे दोन नमुने सोबत पाठवतो."

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

भाऊ,

वहिनींचं ऐका. वेबसाइट करू नका असं मी म्हणत नाही, फक्त ते ३०,००० देऊ नका. आजच्या भावात ते जवळपास चार क्विंटल कापसाचे पैसे झाले, आणि तेवढा कापूस वेचायला किती बाया किती दिवस लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या कामासाठी ते देणार आहात ते काम डीटीपी येणारा माणूस रात्री दोन-दोन तास बसून पंधरा दिवसांत स्वतः करतो. तुम्हाला कोरलड्रॉ येतं, मराठी टायपिंग येतं. ब्लॉगर, म्हणजे गूगलची साइट बनवायची सोय, त्यापेक्षा अवघड नाही. ते फुकट आहे, वर्षाला पैसे लागतात ते फक्त साइटच्या नावाचे. शेवटी 'डॉट इन' असलेलं नाव साधारण हजाराच्या आत-बाहेर पडतं. एक बघून ठेवा: पहिल्या वर्षी सवलत दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी दर वाढवतात. म्हणून नाव घेतानाच नूतनीकरणाचा दर वाचा.

आणि ते नाव तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मोबाइल नंबरवर घ्या. यावर मी हटून बसतो, कारण मार खाल्लेला आहे. अमरावतीला आमची छोटी ऑफसेट प्रेस होती तेव्हा एका पोराकडून साइट करून घेतली. नाव त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं, आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी पैसे भरायची वेळ आली तर पोरगा फोन उचलेना. नाव सुटलं. चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "साहेब, तुम्ही रमीचा धंदा कधी सुरू केला?" उघडून पाहतो तर आमच्या पत्त्यावर ऑनलाइन रमीची पाटी! आणि तोच पत्ता दोन गावांच्या लग्नपत्रिकांच्या तळाशी बारीक अक्षरात छापून गेलेला.

आता जाहिरातींचं. गूगलची जाहिरात-योजना, ॲडसेन्स, मराठी साइटला चालते. त्यामुळे तो माणूस तेवढ्यापुरतं खरं बोलतोय. बाकीचा हिशेब तो सांगत नाही. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकुरावर जाहिरातीचा दर कमी मिळतो. सोयीसाठी धरून चालू की हजार वेळा पान उघडलं गेलं की तुमच्या वाट्याला एक डॉलर येतो. गूगल पैसे पाठवतं ते १०० डॉलर जमल्यावर. म्हणजे पहिला पैसा खात्यात पडायला एक लाख वेळा पानं उघडली गेली पाहिजेत. तो सांगतो तसे महिना पंधरा हजार हवे असतील तर दर महिन्याला त्याहून जास्त. नव्या साइटवर, सहा महिन्यांत, तुमच्या ओसरीतून? दारव्ह्याला शकुंतला या छोट्या रेल्वेचं स्टेशन तुम्ही येता-जाता पाहता. पाटी होती, फलाट होता, पण गाडी बंद पडल्यावर तिथे चहाचं दुकानही चालेना. जाहिरातींच्या भरवशावरची साइट अशीच असते, माणसं उतरली तरच चहा विकला जातो.

तो 'गॅरंटी' म्हणतो म्हणजे बहुतेक विकतचे क्लिक आणणार. ते, किंवा स्वतःच आपल्या जाहिरातीवर बोट दाबणं, किंवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जरा क्लिक करा रे' म्हणणं, यातलं काहीही केलं की गूगल खातं बंद करतं. मग जमलेले डॉलरही गेले.

पुढेमागे जाहिराती लावाल तेव्हासाठी एक लहान गोष्ट. कमाई १० डॉलरला पोचली की गूगल पत्ता तपासायला साध्या टपालाने एक पिन पाठवतं. तो चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. गावाकडे आडनावं सारखी, घराला नंबर नाही, पाकिटावर सगळं इंग्रजीत. तेव्हा पत्त्यात वडिलांचं नाव, पोस्ट आणि पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा.

हे सगळं बाजूला ठेवा. मला तुमच्या पत्रापेक्षा तुमचे दोन नमुने जास्त बोलले. एक लग्नपत्रिका आहे, 'मंगल परिणय' अशी. दुसरी तेरवीची. म्हणजे तुमच्याकडे बौद्ध घरातली पत्रिका येते, कुणबी-माळ्यांची येते, आणि दारव्हा-दिग्रस पट्टा आहे म्हणजे वर 'जय सेवालाल' लिहिलेली बंजारा तांड्यावरचीही येत असणार. 'शुभविवाह' कुठे लिहायचं आणि 'मंगल परिणय' कुठे, 'कै.' कुठे आणि 'कालकथित' कुठे, गंगापूजन कोणाकडे आणि जलदान विधी व पुण्यानुमोदन कोणाकडे, हे तुम्हाला न विचारता कळतं. किलबिलीत कोणाच्या लेकराचं नाव राहिलं की लग्नात केवढा रुसवा होतो, हेही कळतं. मोठ्या शहरातल्या तयार नमुन्यांच्या साइटवर हे बहुधा सापडत नाही. तिथे सगळ्यांना एकच गणपती आणि एकच श्लोक.

आणि माणसं हे शोधतात. घरात म्हातारं माणूस गेलेलं असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुतण्या मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो आणि 'तेरवी पत्रिका मॅटर' असं टाइप करतो. बरेचदा इंग्रजी अक्षरांतच करतो. त्याला त्या वेळी निबंध नको असतो. त्याला असं पान हवं की ज्यातला मजकूर उचलून नाव बदलता येईल, आणि तेही करायला जीव नसेल तर खाली एक बटण असेल: नावं व्हॉट्सॲपवर पाठवा, अर्ध्या तासात पत्रिका तयार, १०० रुपये.

तुमच्या स्थिर कमाईचं काही असेल तर ते या बटणात आहे. हजार माणसं येऊन जाहिरातींतून एखादा डॉलर सुटतो. त्याच हजारांतल्या दहा जणांनी बटण दाबलं तर हजार रुपये. महिन्याला साठ कामं, म्हणजे दिवसाला दोन, शंभराच्या दराने सहा हजार. वीस हजारांचं स्वप्न दाखवणाऱ्यापुढे हा आकडा फिका वाटेल, पण श्रावणात तुमच्या तीन-चार हजारांचे नऊ-दहा करणारा आहे. पहिल्या महिन्यात साठ येणार नाहीत. चार आले तरी टिकून राहा. नवं पान शोधात वर यायला महिनोन्महिने जातात, एक वर्ष तरी धरून चला. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच: टायपिंग सोडायचं नाही. ते सोडलंत तर साइटवर विकायला उरतं काय?

तुमचा धंदा हंगामी वाटतो कारण तो लग्नावर उभा आहे. तुळशीचं लग्न लागलं की सुरू, चातुर्मास लागला की ठप्प. ऐकायला बरं वाटत नाही, पण तेरवीला मुहूर्त लागत नाही. ती पत्रिका बाराही महिने लागते, घाईत लागते आणि तिच्यात कोणी घासाघीस करत नाही. म्हणून दर शंभराच्या वर नेऊ नका. त्या घरी आधीच खर्च चाललेला असतो, आणि शंभरात काम नीट करून दिलेलं ते घर वर्षभराने वर्षश्राद्धाला आणि दोन वर्षांनी लग्नाला तुमच्याकडेच येतं.

दुसरा बारमाही माल म्हणजे अर्ज. तहसीलबाहेर बसणाऱ्या लेखनिकाला विचारा, वर्षभर काय खपतं. जूनमध्ये दाखल्यांचे अर्ज, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी तक्रारी, मधल्या काळात माहिती अधिकार आणि वारस नोंद. या अर्जांचे नमुने ऑनलाइन ढिगाने पडलेत आणि त्यातले कितीतरी जुने किंवा दुसऱ्या राज्याचे असतात. तुमचं पान बरोबर असलं तर तेवढ्यानेच ते वेगळं ठरतं. उदाहरणार्थ, माहिती अधिकाराचा अर्ज. आपल्या राज्याच्या २०१२ च्या नियमानुसार तो एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये, कोर्ट फी तिकीट लावलं तरी चालतं, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. एवढं पानाच्या डोक्यावरच लिहा, खाली नमुना द्या. किंवा वारस नोंद घ्या. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, हे कितीकांना ठाऊक नसतं. आणि नमुन्यात 'मा. तलाठी साहेब' असंच लिहिलेलं असतं, खरं तर आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय. असा बदल झाला की त्याच दिवशी पान दुरुस्त करायचं. एकच सांभाळा, तुम्ही मजकूर टाइप करून देणारे आहात, वकील नाही. कोणी विचारलं, "भाऊ, हिस्सा मिळेल का?" तर वकिलाकडे पाठवा.

आता एक अडचण सांगतो जी तुमच्या त्या ओळखीच्याला बहुधा माहीतही नसेल. आठ-दहा वर्षांच्या तुमच्या फाइली श्रीलिपीत किंवा कृतीदेवात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटांत, असणार. कागदावर त्या सुरेख दिसतात, पण मशीनच्या लेखी ते मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा असतो. तसाच चिकटवला तर वाचणाऱ्याला जंजाळ दिसेल आणि गूगलला काहीच कळणार नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, आणावं लागतं. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण रफार इकडचा तिकडे होतो, 'ऱ्य' फुटतो, जोडाक्षरं सुटतात. हाताने तपासल्याशिवाय एकही पान वर चढवू नका. पत्रिका चित्र म्हणून टाकलीत तर तिचा मजकूर खाली अक्षरांतही टाइप करा, नाहीतर त्या पुतण्याला ते पान सापडणारच नाही. फाँटचं म्हणाल तर मुक्ता, बालू हे युनिकोड फाँट फुकट आणि उघड परवान्याचे आहेत, पत्रिकेत आणि साइटवर दोन्हीकडे चालतात. इथून तिथून उचललेले गणपती आणि फुलांच्या चौकटी मात्र साइटवर नकोत. दुकानात कोणी विचारत नाही, साइटवर मालक येऊन उभा राहू शकतो.

त्याहून महत्त्वाचं: गिऱ्हाइकांच्या जुन्या फाइली नमुना म्हणून जशाच्या तशा टाकू नका. तुमच्याकडे बायोडाट्यांचा साठा असेल. त्यात मुलीचा फोटो, जन्मवेळ, मामाचा नंबर, वडिलांचा पगार, सगळं असतं. तुम्ही ते नमुना म्हणून ठेवलं आणि उद्या तिच्या सासरच्या कोणाला सापडलं तर ओसरीसमोर माणसं जमा होतील आणि त्यांचं बरोबरच असेल. नावं बदला, फोटो काढा, गाव काढा. काम झालं की आधार कार्डाचे फोटो मोबाइलमधून पुसून टाका.

मराठी की हिंदी, हा प्रश्न मला कळला. हिंदीत वाचणारे पुष्कळ, पण लिहिणारेही पुष्कळ, आणि हिंदी पट्ट्यातल्या तेराव्याची रीत तुम्हाला ठाऊक नाही. मराठीतच करा. फक्त पानाच्या मजकुरात लोक बोलतात ते शब्द येऊ द्या. 'निमंत्रणपत्रिकेचा मसुदा' कोणी शोधत नाही, 'पत्रिकेचं मॅटर' शोधतात. आठवडाभर तुमच्याकडे येणारी माणसं काय म्हणून काम सांगतात ते वहीत जसंच्या तसं लिहून घ्या. "साहेबाले द्याचा अर्ज", "बायोडाटा फोटोवाला", जे असेल ते. तुमच्या पानांची शीर्षकं त्या वहीतूनच निघतील.

वेबसाइटच्या आधी अजून दोन फुकटची कामं उरकून घ्या. गूगल मॅपवर दुकानाची नोंद करा. दारव्हा, नेर, दिग्रसचा माणूस 'जवळचं डीटीपी' शोधतो तेव्हा त्याला तुमचं गाव दिसू द्या. दुसरं, व्हॉट्सॲप बिझनेस टाकून घ्या. त्यात नमुने दरासह लावून ठेवता येतात, आणि 'वर-वधूची नावं, तारीख, स्थळ पाठवा' हे उत्तर रोज टाइप करावं लागत नाही. कोण जाणे, या दोनांनीच पहिली दहा बाहेरगावची कामं येतील. लांबच्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी यूपीआयने घ्या, प्रूफ पाठवताना त्यावर आडवा शिक्का मारा, साफ पीडीएफ उरलेले पैसे आल्यावरच पाठवा. प्रूफ घेऊन गायब होणारे भेटतील, गावात भेटत नाहीत का?

सरकारी बाजूचं फार डोक्याला लावून घेऊ नका. तुमचं काम सेवेत मोडतं, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असताना जीएसटी नोंदणी लागत नाही. लहान धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी करून ठेवा, बँकेत उपयोगी पडते. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते, तिचे पाचशे-हजार मागणारा दलाल समजा.

कामाचा क्रम असा ठेवा. मृगापासून पोळ्यापर्यंत तसंही काम कमी आहे. तेवढ्या दिवसांत वीस पानं करा, जास्त नको. पहिली पाच तेरवी, पुण्यानुमोदन, वर्षश्राद्धाची. पाच अर्जांची. गणपती आणि दुर्गा मंडळांच्या वर्गणी पावतीचं आणि कार्यक्रमपत्रिकेचं एक पान श्रावणाच्या आधी तयार हवं, कारण मंडळवाले ऐन वेळी धावत येतात. लग्नाची पानं तुळशीच्या लग्नाच्या दोन-तीन महिने आधी वर चढवा, म्हणजे सराई सुरू होईपर्यंत ती शोधात दिसू लागतील. प्रत्येक पानाखाली बटण. लाइन गेली म्हणून अर्ध्या तासाचा शब्द मोडणार असेल तर 'दोन तासांत' लिहा, पण लिहिलेलं पाळा. आलेलं प्रत्येक काम वहीत: तारीख, गाव, कुठून कळलं, किती रुपये. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत ती वही भरली की जाहिराती लावायच्या की नाही ते तीच सांगेल.

त्या ओळखीच्याला तोंडावर नाही म्हणवत नसेल तर त्याला एवढंच विचारा: नाव माझ्या ईमेलवर घेशील का, आणि गॅरंटी स्टँप पेपरवर लिहून देशील का? पुढचा फोन त्याचा येणार नाही.

आणि हो, तुमच्या तेरवीच्या नमुन्यात खाली 'शोकाकूल परिवार' असं आहे. 'शोकाकुल' हवं, कु ऱ्हस्व. पान वर चढवण्याआधी तेवढं सुधारून घ्या, कारण तिथून उचलणारे ते तसंच छापतील.